मनातला होकार, तोंडातलं हसू

विवाह अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला, कागद जवळ ओढला आणि सरळ चेहऱ्यानं विचारलं, "दोघांपैकी कुणी वेडसर नाही ना?"

प्रश्न कायद्यातलाच होता, येईल त्याला विचारायचा. पण अनन्याचे वडील शामकांत, राहात्याच्या शाळेत जन्मभर संस्कृत शिकवलेले, खाकरून तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "मुलीकडून नाही."

तिथंच अनन्याला हसू फुटलं.

तशी ती हसरी नव्हती. नगरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची, आणि तिच्या तासाला पोरं कुजबुजतसुद्धा नसत. पण आज सकाळपासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. ओम कर्जतकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, नगरच्या कोर्टात वकिली करणारा. लग्न कुणाच्या रीतीनं लावायचं यावर दोन्ही घरांत इतका काथ्याकूट झाला, की शेवटी दोघांनी कचेरीची वाट धरली. विधी इथं, जेवणं कर्जतला, असं ठरलं आणि सगळे एकदम खूश झाले. त्या आनंदात अनन्यानं सकाळी पोह्यांना हातही लावला नव्हता.

ओमनं आपलं संमतीचं वाक्य खणखणीत म्हटलं. मग ती उभी राहिली.

"मी, अनन्या शामकांत..." एवढं झालं आणि पुढं नुसतं ख्याख्या.

सासू छबूबाईंनी पाण्याची बाटली पुढं केली. घोट घेतला तो नाकातून बाहेर आला. ते बघून छबूबाईंनी पदर तोंडात कोंबला. साक्षीदार तीन: शामकांत, छबूबाई आणि ओमची बहीण मोनिका. मोनिका भिंतीकडं तोंड करून बसली होती, पण तिचं बाक हलत होतं.

"मॅडम," अधिकारी म्हणाले, "संमती राजीखुशीची आहे हे मला ऐकू आलं पाहिजे. हसण्याची नोंद कुठल्या रकान्यात करू? जेवणाची सुट्टी होतेय. हवं तर उद्या या."

"उद्या?" छबूबाईंचं हसू जागच्या जागी विरलं. "सायेब, दारात मांडव घातलाय. आख्खी भावकी जेवाया येतीय. त्यास्नी काय सांगू, नवरी हसत हुती म्हनून लगीन ऱ्हायलं?"

अनन्या मनातून चांगलीच घाबरली. पण पोट काही ऐकेना, ते आपलं उसळतच राहिलं. डोळ्यांतून पाणी, गालांना कळ. तिनं हताश होऊन ओमकडं पाहिलं.

ओम तिच्याजवळ सरकला आणि मागच्या बाकावरच्या पोरासारखं हात वर करून म्हणाला, "मॅडम, द्वैत म्हणजे काय? मला कळलेलं नाही."

तिची पाठ आपोआप ताठ झाली. इतक्या वर्षांची सवय.

"द्वैत म्हणजे दोनपण," ती म्हणाली. आवाज अजून कापत होता. "जगाच्या मुळाशी एक नाही, दोन गोष्टी आहेत, असं मानणं. काही जण म्हणतात, मन वेगळं आणि शरीर वेगळं. आता माझंच बघा. मन गप्प बसलंय आणि पोट उड्या मारतंय."

"आणि जीव वेगळा, ईश्वर वेगळा," शामकांतांना राहवलं नाही. "भक्त आणि देव कधी एक होत नाहीत. एक झाले तर भक्ती कोण कुणाची करणार?"

"त्ये बरूबर हाय गुर्जी," छबूबाई म्हणाल्या. "येकाच मानसानं कुनाकडं बघून हसायचं?"

मोनिकाचं बाक पुन्हा हललं. पण अनन्या आता तासात शिरली होती.

"कायद्यातही आहे. काही देशांत बाहेरचा कायदा आणि घरचा कायदा दोन वेगळे मानतात. सरकारनं परदेशात करारावर सही केली, तरी तेवढ्यानं तो घरात लागू होत नाही. संसदेत वेगळा मंजूर व्हावा लागतो. तसं मी मनात कधीच हो म्हटलंय, गेल्या पावसाळ्यात, याच्या स्कूटरवर मागं बसले होते तेव्हा. पण ते या कचेरीत चालत नाही. इथं वेगळं बोलावं लागतं. म्हणून मी, अनन्या शामकांत, तुला, ओम राधाकृष्ण, माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते."

सगळे तिच्याकडं वळले. ती बोलून गेलीय हे तिलाच शेवटी कळलं.

"ऐकू आलं," अधिकारी म्हणाले आणि घाईघाईनं कागद तिच्यापुढं सरकवला. "सही करा. परत काही सुरू व्हायच्या आत."

तिनं सही केली. ओमनं केली. तिन्ही साक्षीदारांनी केली. बाहेर जिन्यात आल्यावर ओम पायरीवर बसला, आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं त्याचं हसू असं काही सुटलं की त्याला उठता येईना. अनन्यानं एका हाताला धरलं, छबूबाईंनी दुसऱ्या, आणि दोघींनी नवरदेवाला तसंच हसता हसता गाडीपर्यंत नेलं. शामकांत मागून चपला घेऊन येत होते. कुणाच्या, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.