पडद्याची आमची बाजू

"हलू नकोस गो, उजेड अडतो माझा," आई म्हणाली. "आणि वाचायची का थांबलीस? ऋषी नदीवरून परत आले. पुढं काय?"

मी पान उलटलं. माजघराच्या खिडकीशी ती मांडी घालून बसली होती. गुडघ्यावर तळहाताएवढी काच आणि हातात खारीच्या केसांचा कुंचला. मी वाचत होते त्या कथेतला आश्रम तिच्या काचेवर उतरत होता. गुरू, बटू, मागे पिंपळ. बटूच्या खांद्यावर जानवं काढताना तिनं श्वास रोखला.

दर वैशाखात मी गिरगावातून कल्याणला माहेरी येई, तेव्हा ही आमची शाळा भरे. माझे यजमान शाळामास्तर, त्यामुळे पुस्तकांना तोटा नव्हता. यंदा काय शिकायचं ते पहिल्याच दिवशी, गच्चीवर कुरडया घालताना ठरे. एक पुस्तक, एक चित्र, एक खेळ. पुस्तक मी वाचून दाखवायचं, कारण आईला अक्षर येत नव्हतं. त्यातलं काय काढायचं ते तिनं ठरवायचं. आणि बाबा आपल्या जादूच्या कंदिलात ती काच घालून ते चित्र मांडवात मोठं करून दाखवत, तेव्हा आम्ही दोघींनी बसून त्याच्या चुका काढायच्या. ही परीक्षा.

परीक्षा मात्र उलटी व्हायची. मांडवाच्या मधोमध धोतरांचा पडदा. बाबा कंदील घेऊन पुढच्या बाजूला, पुरुषमंडळी त्यांच्याजवळ. बायका पडद्याच्या मागं. चित्र आरपार यावं म्हणून पडदा ओला ठेवावा लागे, आणि ते काम आईचं. मागून सगळं उजव्याचं डावं दिसे.

"आपल्या बाजूचे देव कायमचे अपसव्य," ती पदराआड हसून म्हणायची. "जानवी उजव्या खांद्यावर. बघावं तेव्हा मेले श्राद्धाला बसलेले!"

त्या दुपारी कुंचला धुताना ती म्हणाली, "यंदाचा शेवटचा धडा वेगळा. पुढं बसून बघायचं. एकदाच."

"हातात तर सुलटंच दिसतं की तुला."

"हातात बोटभर दिसतं, शेवंते. पडद्यावर पुरुषभर. पुरुषभर चित्र मी उलटंच पाहिलंय जन्मभर."

बाबा जेवायला बसले तेव्हा तिनं विषय काढला. ठाण्याला टेंभी नाक्यावरच्या एका वकिलांकडे तीन आठवड्यांनी नातवाची मुंज होती आणि त्या संध्याकाळी बाबांचा खेळ.

"मी म्हणते, आम्ही दोघी खांबाआड पुढं बसलो तर?"

"आणि कुणी विचारलं, त्र्यंबकराव, ह्या कोण, तर काय सांगू?" बाबा हसले. "आमच्या चित्रकारीणबाई? भात वाढ."

तिनं भात वाढला. तिच्या नखात पिंपळाचा हिरवा रंग होता. गावभर बाबा सांगत की चित्रं त्यांच्या हातची. ते ऐकत मी लहानाची मोठी झाले होते, आणि त्या दिवशीही ऐकून घेतलं आणि ताक वाढलं.

दुसऱ्या दिवशी पटकीनं आईला गाठलं. दिवे लागायच्या आत सगळं संपलं.

मला राग आला तो तिच्या दिवसांत. ओसरीवर विधी चालला होता, मी आत पिंडांचा भात उतरवत होते. बाहेर वकिलांचा माणूस खेळाचं विचारायला आला होता आणि बाबा त्याच्याशी बोलत होते.

"अपसव्य," भटजी म्हणाले.

बाबा बोलतच होते. कंदिलाला तेल कोणतं, मांडव केवढा.

"त्र्यंबकराव, अपसव्य! जानवं फिरवा. लक्ष कुठं आहे?"

"हां हां," बाबा म्हणाले. "चालू द्या तुमचं."

मी भाताचं पातेलं खाली ठेवलं. हात भाजला होता, हे नंतर कळलं.

"वर्ष सरायच्या आत लोकांच्या कार्यात जाणार?" शेजारच्या बायजाकाकूंनी त्यांना विचारलं.

"शब्द दिलाय हो. गेलेलीसाठी का शब्द मोडायचा?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शेवंते, काचांची पेटी लावायला आता कुणी नाही. खेळ होईपर्यंत राहा."

मी राहिले.

प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात आईनं शेंदराचा टिपका दिलेला होता. टिपका ज्योतीकडे करायचा, की पुढून चित्र सुलटं. अंधारात बाबा तेवढंच बघत. मी पेटी घेऊन खिडकीशी बसले. एकेक काच घेतली, टिपका पुसला आणि काचेच्या दुसऱ्या बाजूला दिला. फार दिवसांनी मला भूक लागली.

टेंभी नाक्यावरचा मांडव भरला होता. मी मागं, आईच्या जागी उभी राहून पडद्यावर पाणी मारलं. कंदील लागला. गणपती आला.

"अगोबाई!" वकिलांच्या आई म्हणाल्या. "आज सोंड डावीकडं आहे गो! मूर्तीसारखी!"

पलीकडून कुणीतरी हसलं. "काय हो, आज उजव्या सोंडेचा आणलात? सोवळं कडक पाळावं लागेल!"

"जरा गंमत," बाबा म्हणाले. दुसरी काच आली, तिसरी आली. हसणं थांबलं. मग आश्रम आला. पिंपळ, गुरू, बटू. आमच्या बाजूला बटूचं जानवं डाव्या खांद्यावर, जिथं असावं तिथं, पुरुषभर. बायका पुढं सरकल्या.

"अहो, हा काय प्रकार आहे?" वकिलांचा आवाज चढला. "मुंजीच्या मांडवात बटू अपसव्य? आज माझ्या नातवाच्या गळ्यात जानवं पडलंय, त्र्यंबकराव!"

"गुरूसुद्धा अपसव्य," कुणीतरी म्हणालं. "कुणाचं श्राद्ध मांडलंय हे?"

काचा वाजल्या. बाबा काय करावं ते न कळून पेटी चाचपत असावेत.

"माफी असावी," ते म्हणाले. "चित्रं माझी चोख आहेत. खुणा करायचं काम घरातलीकडं होतं. बाईची जात. जाता जाता घोळ घालून गेली."

पडद्याचं पाणी माझ्या पायांवर ठिबकत होतं. आता बोलले की कल्याणचं दार मला बंद, पुढच्या वैशाखात कुरडया नाहीत आणि ती खिडकी नाही, हे मला कळत होतं. यजमानांना काय सांगायचं तेही ठाऊक नव्हतं. मी पडद्याला तोंड लावून बोलले, इतक्या मोठ्यानं की वकिलांच्या आईंनी माझा पदर धरला.

"बाबा, तिला दोष देऊ नका. खुणा मी बदलल्या. चित्रं तिनं काढली आहेत. सगळी, पहिल्या काचेपासून. तुमची त्यात एक रेघ नाही. सगुणा नाव होतं तिचं. तिच्या दिवसांत तुम्हाला जानवं फिरवायची आठवण राहिली नाही, म्हणून तिच्या देवांनी फिरवलं. कंदील विझवू नका, बाबा. आमच्या बाजूनं चित्र सुलटं आहे."