दुसरा तळ

धुकं अजून पाण्यावरून उठलं नव्हतं, तरी धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी छातीशी फोटो धरला होता, कुणी चपलांचा जोड, कुणी नुसताच रुमाल. ज्यांची माणसं पाण्यात गेली आणि परत आली नाहीत, असे सगळे. अशा गर्दीत कुणी ढकलाढकली करत नाही, मोठ्याने बोलत नाही, आणि त्या शांततेनेच अंगावर काटा येतो.

सगळे वाट बघत होते जलदर्शींच्या होडीची. दोन महिन्यांपूर्वी या गृहस्थांना इथे काळं कुत्रं ओळखत नव्हतं. पन्नाशीचे, पांढरा सदरा, स्वच्छ नखं, आवाज पाकात बुडवून काढलेला. होडीत एका वेळी चौघांना जागा. बोटीवर मासे शोधायला लावतात तसलं यंत्र त्यांच्या पुढ्यात असे, आणि त्याच्या स्क्रीनचा वरचा अर्धा भाग त्यांनी टॉवेलने झाकलेला असे.

"जिवंतांचा तळ वर," ते डोळे मिटून सांगत. "त्याच्याखाली दुसरा तळ. दोन्हींच्या मधल्या पाण्यात ती राहतात, ज्यांना तुम्ही गेली म्हणता. गेली कुठे? एक मजला खाली उतरली, इतकंच! वरच्या जगाकडे बघायचं नाही, मन फाटतं. म्हणून वरचं झाकलंय. आता हाक मारा."

त्या सकाळी हाक मारायला बसली होती एक सासू. शेजारी तिची सून. ही सून धक्क्याजवळच्या दुकानात होड्यांची यंत्रं दुरुस्त करायची. बाबा-बुवा दिसले की तिच्या कपाळावर आठी पडायची. सासूला एकटीला सोडायचं नाही एवढ्याचसाठी ती आली होती.

"बाळा," सासू म्हणाली, "वर ये रे."

टॉवेलच्या कडेच्या लगेच खाली तळाची एक जाड रेघ होती आणि स्क्रीनच्या बुडाशी दुसरी. त्या दोन रेघांच्या मधोमध एक फिकट डाग होता. तो हलला आणि सावकाश वर येऊ लागला.

सासूने तोंडावर पदर घेतला. आणि सून? तिचे ओठ आपोआप हलले आणि नवऱ्याला ती ज्या लाडक्या नावाने हाक मारायची, ते आवाज न करता उच्चारून गेले. पुढे कितीतरी दिवस तिला या गोष्टीची लाज वाटत होती.

"पुढच्या वेळी," जलदर्शी निरोप देताना म्हणाले, "अंगावरचं काहीतरी सोन्याचं त्याच्यासाठी आणा. आणि खरं सांगू? जी आई स्वतः खाली उतरेल, तिला मुलगा हात देईल." हे ते सगळ्यांनाच सांगत. ऐकायला बरं वाटे.

होडीतून उतरताना सुनेची नजर स्क्रीनकडून पाण्यात जाणाऱ्या वायरवर गेली. वायरला मधे एक जोड होता, त्यावर हिरवी टेप गुंडाळलेली, टेपचं टोक दुमडून आत खुपसलेलं. टेप अशी दुमडायची सवय अख्ख्या खाडीवर एकटीला होती, तिला स्वतःला.

दुकानात येऊन ती स्टुलावर बसली आणि सगळं आठवत गेलं. नवऱ्याने हौसेने ट्रान्सड्यूसर मागवला होता. पाण्यात बसवायचा तो डबा, जो आवाज सोडतो आणि परत आलेला ऐकतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत हजार फूट लिहिलेलं, त्यालाच तो भुलला.

"अरे, आपलं पाणी सहा फूट," ती म्हणाली होती. "हजार फूट घेऊन काय विहीर खणायचीय? हा खोल समुद्राचा आहे. जोर दांडगा आणि झोत अरुंद, सहा फुटांत टोपलीएवढा तळ दिसेल. उथळ पाण्याला रुंद झोताचा घे, बेताच्या जोराचा."

"तुला माझं काही पटलंय कधी?"

लावून बघितला, तर खाडीला दोन तळ! दोघं पोट धरून हसली होती. "बरं झालं," तो म्हणाला होता, "आपलं भांडण झालं की मी खालच्या मजल्यावर राहायला जाईन." मग त्याने मुकाट्याने रुंद झोताचा आणला, आणि जुना फळीवर पडून राहिला. त्यानंतरच्या पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी, ओहोटीच्या ओढीत त्याची होडी उलटली. होडी मिळाली. तो मिळाला नाही.

आणि या वर्षी स्वच्छ नखांचं एक गिऱ्हाईक आलं होतं. जुना ट्रान्सड्यूसर हातात घेऊन त्याने विचारलं होतं, "उथळ पाण्यात हा काय दाखवतो?"

"दोन तळ. खालचा खोटा. तुमच्या कामाचा नाही."

"हाच द्या," तो म्हणाला होता. तिने तुटकी वायर जोडून दिली होती, वर टेपही लावली होती. म्हणजे खालचा मजला जलदर्शींना तिनेच विकला होता.

पण डाग? तळ खोटा, हे तिला ठाऊक होतं. डाग हाकेला वर कसा आला? दुपारभर ते तिच्या मानगुटीवर बसलं. 'खालच्या मजल्यावर राहायला जाईन.' दुकानात कुणी नसताना तिने दोनदा मागे वळून बघितलं.

संध्याकाळी एक कोळी जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या मागायला आला. सुनेने खोकं उघडलं, तर ते अर्धं रिकामं. काय वाटलं कुणास ठाऊक, दुकान तसंच टाकून ती घरी पळाली. सासूच्या ट्रंकेत शिवून तयार केलेला जाड कापडाचा पट्टा होता. त्यात ओळीने गोळ्या, प्रत्येक गोळीला बारीक टाक्यांचा वेगळा कप्पा. त्याच्याखाली नवऱ्याचा निळा शर्ट, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेला.

"आई, हे काय?"

सासूने चोरी पकडली गेल्यासारखं केलं नाही. "उद्या सकाळी उतरणार आहे. त्यांनीच सांगितलंय ना, हात देईल म्हणून."

"आणि शर्ट?"

"वर आल्यावर त्याला कोरडा लागेल की."

सुनेला गोळ्या काढून घेता आल्या असत्या, पण खाडीकाठी धोंड्यांना काय तोटा? कोंडून ठेवलं तर किती दिवस? दुसरा तळ मोडल्याशिवाय सासू वाचणार नव्हती. तिने कॅलेंडरचा कागद उलटा केला आणि होडी काढली. होडीखालून आवाज निघतो, कडक तळावर आपटतो, वर येतो. जोर जास्त असला की पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातो, पुन्हा वर येतो; तोच दुप्पट खोलीवरचा दुसरा तळ. या दुसऱ्या फेरीत वाटेत काही लटकत असलं, तर? यंत्राला उशीर कळतो, वाट कळत नाही. ते ती वस्तू तळाच्याही खाली दाखवणार. पण मग तीच वस्तू वरच्या अर्ध्या भागातही दिसायला हवी.

वरचा अर्धा भाग टॉवेलखाली होता.

सकाळी त्या दोघी होडीत बसल्या. सासूच्या लुगड्याखाली पट्टा होता आणि मांडीवर शर्ट. सुनेने होडी ढकलायचा बांबू स्वतःकडे घेतला होता, त्यावर फुटाफुटाला खुणा केलेल्या.

"आता हाक मारा," जलदर्शी म्हणाले.

"थांबा महाराज, आधी खोली बघू." तिने बांबू खाली टेकवला. "सहा फूट. स्क्रीनवर खालचा तळ बारावर आहे. जरा तिकडे घेऊ." होडी सरकली. "इथे चार. खाली आठ. गंमत आहे ना? पाताळाला पाढा पाठ आहे. कुठेही जा, बरोबर दुप्पट."

काठावर कुणीतरी खुदकन हसलं.

"श्रद्धा नसलेल्यांनी उतरावं!" पाक एकदम आटला.

"उतरते. हाक मारू द्या फक्त. आई, मारा."

"बाळा..." सासू म्हणाली. डाग वर निघाला, आणि सुनेने टॉवेल ओढला.

वरच्या अर्ध्यातही एक डाग होता. जास्त ठळक, तसाच, त्याच वेगाने वर येणारा. एकच मुलगा दोन ठिकाणी! सासू एकदा वर बघे, एकदा खाली.

सुनेची नजर जलदर्शींच्या पायांकडे गेली. "महाराज, उजवा पाय हलवू नका."

जलदर्शींनी पाय आवरला. दोन्ही डाग जागच्या जागी थांबले. सुनेने त्यांच्या पायाच्या अंगठ्याला बांधून पाण्यात सोडलेला पारदर्शक दोरा पकडला आणि भराभर ओढून घेतला. दोऱ्याच्या टोकाला लिंबाएवढी शिशाची गोळी होती. ती तिने सासूच्या तळहातावर ठेवली. तिच्या कमरेला बांधल्या होत्या त्यांच्याच जातीची, फक्त मोठी.

मग तिने यंत्राचा जोर कमी केला. दुसरा तळ फिका होत होत पुसला गेला. उरलं फक्त चार फूट पाणी आणि तळाकडेचे दोन मासे.

काठावर आरडाओरडा सुरू झाला. जलदर्शींना मार पडायचा तेवढा पडला नाही, कारण ते स्वतःच पाण्यात उडी मारून, छातीपर्यंतच्या पाण्यातून चालत पळाले. त्यांना दिलेल्या सोन्याच्या अंगठ्या परत मिळवायला धावणाऱ्यांचा आवाज दूर गेला. पण फोटोवाली एक बाई काठावरच थांबली होती. "टॉवेल परत टाका ना हो," ती म्हणाली. "एकदाच." त्या एका वाक्याने सुनेला जितकी भीती वाटली, तितकी डागाने वाटली नव्हती.

"नाही टाकणार, ताई," ती म्हणाली. "मलाही हवाय टॉवेल. माझाही माणूस आहे त्यात. पण कुणी काही दाखवायला लागलं, तर त्याने झाकलंय काय, ते आधी बघा. आणि एक बांबू घेऊन स्वतः मोजा. दुःख झालं म्हणून मोजायचं सोडू नका, त्याच वेळी जास्त मोजा."

सासू अजून गोळीकडे बघत होती. "मग तो कुठंय?"

खोटं बोलणं किती सोपं होतं! "तो मेला, आई," सून म्हणाली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तो शब्द तिच्या तोंडून निघाला. "खाली मजला नाही. तिथे कुणी राहत नाही."

सासूने गोळी खाली ठेवली. मग तिने लुगड्याखाली हात घातला, पट्ट्याची गाठ सोडली आणि तो जड ऐवज सुनेच्या पायाशी ठेवला. प्लास्टिकच्या पिशव्या एकेक करून काढल्या. जलदर्शींच्या उडीने उडालेल्या पाण्याने सून नखशिखांत भिजली होती, दात वाजत होते.

"कोरडा आहे," सासू म्हणाली आणि तो निळा शर्ट तिच्या खांद्यावर टाकला. "घाल, पोरी. तुला थंडी वाजतेय."