पत्र्यांची इर्जिक

सास्तूरच्या सिद्धारामकाकांनी प्रत्येक डॉक्टरला एकच उत्तर दिलं होतं : कामधंदा शेती, कारखान्याची पायरी कधी चढलो न्हाय. उजव्या छातीत पाणी झालं, तेव्हा टीबी धरून सहा महिने गोळ्या झाल्या. दोनदा पाणी काढलं, दोनदा ते पुन्हा भरलं. अखेर सोलापूरच्या एका रुग्णालयात फुप्फुसाच्या अस्तराचा तुकडा काढला, आणि तो काचपट्टीवर त्यांच्या पुतणीसमोर आला. शिवलीला तिथं पॅथॉलॉजी शिकत होती.

तुकड्यात कॅन्सर होता. पण फुप्फुसाचा की अस्तराचा, हे नुसतं पाहून ठरेना, आणि दोघांची औषधं निराळी. सोमवारी उपचार सुरू व्हायचे होते. तिला शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं, अस्तराचा असेल तर बहुधा ॲस्बेस्टॉसची धूळ कुठंतरी सापडेल; यांच्या कागदावर तर नुसती शेती आहे. खास रंग लावण्याआधी एकदा नीट विचारून ये.

तिनं खाण, गिरणी, बांधकाम सगळं विचारलं. काका नकारार्थी मान हलवत राहिले. शेजारी संत्रं सोलणाऱ्या हरणाबाईकाकूंना राहवलं नाही.

"काम विचारलंस तर हे असंच सांगणार. इर्जिक विचार की. भूकंपानंतर साऱ्या आळीचे शिमिटाचे पत्रे ह्यांनीच कापले. आठ महिने. घरी यायचे ते पिठात लोळल्यागत पांढरे."

"पैका घेतला न्हाय, मग ते काम कसलं?" काका म्हणाले. अडलेल्याच्या रानात साऱ्यांनी बैल घेऊन जायचं नि जेवून परतायचं, ती इर्जिक. ती कोण कामात धरतं?

त्या काळच्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसच असायचं. शिवलीला धावतच प्रयोगशाळेत गेली. दोन दिवसांनी खास रंग चढलेली काचपट्टी आली. पेशींची केंद्रकं गडद तपकिरी झाली होती; फुप्फुसाच्या कॅन्सरला हा रंग असा धरत नाही. कॅन्सर अस्तराचाच होता. मग तुकड्याच्या कडेला चिकटलेल्या फुप्फुसाच्या पातळ पट्टीवर तिची नजर थांबली. तिथं मणी ओवल्यासारखी एक सोनेरी काडी होती. ॲस्बेस्टॉसचा, केसाहून कितीतरी बारीक तंतू. शरीरातल्या झाडू मारणाऱ्या पेशींनी तो गिळू पाहिला, गिळता आला नाही, तेव्हा त्यावर लोहाचे थर चढवले. तीस-बत्तीस वर्षं काका नांगरत, हसत, झोपत होते, आणि आत हे चाललं होतं, कुणी न सांगता.

संध्याकाळी तिनं काकांना मोबाइलवर तो फोटो दाखवला. काही लपवलं नाही. आजार मुळातून जाणार नाही, पण आता औषध नेमकं लागेल, दम कमी लागेल, दिवस वाढतील.

काकांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "एवढं सोनं छातीत घेऊन हिंडत होतो व्हय? आणि हिला एक मणी केला न्हाय म्हणून हिनं जन्मभर ऐकवलं."

काकू हसल्या. काका हसले नाहीत.

"पोरी, पत्रा एकट्याला कापता येत न्हाय," ते हळूच म्हणाले. "दुसरं टोक कोण धरायचं, ते विचारलं न्हाईस."

काकूंच्या हातातली संत्र्याची फोड तशीच राहिली.

सोमवारी काकांना सलाईनमधून औषध सुरू झालं, अस्तराच्या कॅन्सरचं. खालच्या मजल्यावर काकू एक्स-रेच्या पाटीला छाती लावून उभ्या होत्या. श्वास घ्या, धरून ठेवा, असं आतून सांगितलं गेलं. काचेपलीकडं शिवलीलानंही धरला.