दुसरी किल्ली

पत्र्याला हात लावल्याशिवाय मी घरच्या कुणाला गाडी घेऊ देत नाही. चाळीस वर्षं डेंटरचं काम केलंय, उगाच नाही. जावईबापूंनी जुनी का होईना, पण पाचशे हॉर्सपावरची आलिशान गाडी पसंत केली, तेव्हा आमच्या बुटकीनं नवऱ्याला बजावलं, "बाबा हो म्हणाले तरच." बुटकी म्हणजे माझी एकुलती एक मुलगी. उंची बेताची, तोरा विचारू नका.

शोरूममध्ये गाडी काळीभोर चमकत उभी होती. "चार सेकंदांत शंभर गाठते, साहेब," टायवाला विक्रेता तिसऱ्यांदा म्हणाला.

"आणि थांबते किती सेकंदांत?" मी विचारलं. तो नुसता हसला.

खिशातलं लोहचुंबक काढून मी दारं, छप्पर, दारांमधले खांब, सगळीकडे फिरवलं. पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असली की ते निसटतं. कुठेच निसटलं नाही. मग डोळे मिटून तळहात फिरवला. कुठे उंचवटा नाही, खड्डा नाही. असं काम एक तर कारखान्यात होतं, नाही तर माझ्या हातून.

"झकास आहे," मी म्हणालो. जावईबापूंनी लगेच सहीसाठी पेन काढलं.

"अहो, मला बसून तरी बघू द्या!" बुटकी म्हणाली. पहिली किल्ली जावईबापूंच्या मुठीत होती आणि ते काही ती सोडेनात, म्हणून विक्रेत्यानं ड्रॉवरमधून दुसरी काढून दिली. बुटकीनं आत बसून बटण दाबलं. सीट आपोआप पुढे सरकली. मग वर उचलली गेली. स्टीअरिंग खाली आलं, आरसे झुकले.

"अय्या! बाबा, हे तर अगदी माझ्याच मापाचं आहे!"

"आधी चालवणाऱ्या मॅडमचं सेटिंग असेल," विक्रेता म्हणाला. "प्रत्येक किल्लीचं वेगळं असतं."

अशी सरकणारी सीट मी आधी पाहिली होती.

सहा वर्षांपूर्वी आमच्या गॅरेजमालकानं अशाच दोन गाड्या आणल्या होत्या. एक पुढून चेपलेली, दुसरी मागून. दोघींचे शाबूत अर्धे भाग जोडून एक गाडी करायची होती. "मिस्त्री, जमेल का?" त्यानं विचारलं. हा प्रश्न मला कुणी विचारू नये. जमवलं. काम संपल्यावर गाडी चालू करायला बसलो, तर सीट पुढे सरकली आणि माझी ढेरी स्टीअरिंगला अडकली. "बाईंना जागा द्या, मिस्त्री!" अख्खं गॅरेज हसलं. मीही हसलो. आधी ती चालवणाऱ्या बाईंचा केसांचा चाप मला सीटखाली सापडला होता, दोन लांब केस अडकलेला. मी तो कचऱ्यात टाकला होता. त्यांच्या गाडीत मागून ट्रक घुसला होता. त्या वाचल्या नव्हत्या.

"बुटके, उतर."

"थांबा हो बाबा, आरसा बघतेय..."

"उतर म्हणतो ना!"

ती घाबरून उतरली. मी गुडघे टेकले आणि पुढच्या सीटच्या मागचं कार्पेट उपसलं. विक्रेता ओरडत होता, ओरडू दे. खाली सांधा बुजवणाऱ्या सीलरची पट्टी होती, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत, सरळ. पट्टीच्या टोकाला अंगठ्याचा ठसा होता, मधोमध तिरकी खाच असलेला. ग्राइंडरनं माझ्या डाव्या अंगठ्यावर पाडलेली खाच आहे ती. काम मनासारखं झालं की ओल्या सीलरवर अंगठा दाबायचा, ही माझी सही. कसला माज होता मला!

मी अंगठा त्यात ठेवला. तंतोतंत बसला.

"ही गाडी मधून जोडलेली आहे," मी म्हणालो. "जोरात दणका बसला तर दोन तुकडे होतील."

"तुम्हाला काय माहीत?" जावईबापूंनी विचारलं.

"मीच जोडली."

बुटकी सीटकडे बघत होती. "इथं कोण बसायचं, बाबा?"

"होती कुणीतरी. तुझ्याएवढीच."

पोलिसांना मीच फोन केला. ते आले, माझा जबाब घेतला, गाडीला सील ठोकलं. एवढं सगळं होईपर्यंत जावईबापूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला लाज वाटत होती. आणि खरं सांगतो, त्याहून जास्त भीती वाटत होती, कारण मी "झकास आहे" म्हणालो होतो.

परतताना बुटकी त्या दोघांची छोटी गाडी चालवत होती. मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, अशा किती?"

"मोजल्या नाहीत," मी म्हणालो. तेही खरंच होतं.

पुढच्या सिग्नलला आमच्या शेजारी एक पांढरी गाडी येऊन थांबली. चकचकीत, कुठे ओरखडा नाही. मागच्या सीटवर दोन शाळकरी मुली एका डब्यातून काहीतरी खात होत्या. बुटकीनं त्या गाडीकडे पाहिलं. मग आरशातून माझ्याकडे.

मी दार उघडून भर रस्त्यात उतरलो आणि त्या गाडीच्या खांबावर तळहात ठेवला. मागचे हॉर्न वाजवू लागले. मुलींचा बाप काच खाली करून मला शिव्या देऊ लागला.

पत्रा गुळगुळीत होता. मला काहीच कळेना.