सुनेच्या हातचा गुडघा

सून फिजिओथेरपिस्ट असली की सासूला आजारी पडायचीही चोरी. या सासूबाईंचा उजवा गुडघा काही वर्षांपूर्वी अर्धाच बदलला होता. झिजलेली एक बाजू काढून तिथे वर-खाली धातू बसवला आणि मध्ये प्लास्टिकची चकती. सुनेने त्यांना असं चालतं केलं, की त्या भेटेल त्याला सांगायच्या, "डॉक्टरांनी नुसता बसवला. गुडघा आमच्या सुनेच्या हातचा!"

म्हणूनच जिना चढताना तो पुन्हा दुखू लागला, तेव्हा त्या डॉक्टरांकडे गेल्या नाहीत, सुनेकडे आल्या.

"मांडी ढिली पडलीय, आई. व्यायाम सोडलात ना?"

"करते गं रोज."

"सगळे पेशंट हेच म्हणतात."

गुडघा खोटं बोलत नाही, पेशंट बोलतो, हे सुनेचं क्लिनिकमधलं लाडकं वाक्य. तेच तिने घरात लावलं. पायाला वाळूची पिशवी बांधली, जिन्याच्या फेऱ्या वाढवल्या. आतून कटकट आवाज येतो म्हणाल्या, तर "आवाजाला घाबरायचं नाही." एकदा त्या डोळ्यांत पाणी आणून कठडा धरून उभ्या राहिल्या, तेव्हा ही खालून ओरडली, "नाटकं पुरे, आई!" नवरा हसला. सासूबाईही हसल्या आणि चढल्या. त्यानंतर त्यांनी कुरकुर केली नाही. सुनेला वाटलं, गुण आला.

सूज काही उतरेना, तेव्हा कुठे एक्स-रे निघाला. सर्जनने पडद्यावर बोट ठेवलं. धातूंच्या मधली फट गायब होती. चकती झिजून संपली होती, धातूवर धातू घासत होता आणि खालचं हाडही खराब झालं होतं.

"वेळेवर आला असतात तर चकती बदलून भागलं असतं. आता सगळा सांधा बदलावा लागेल. दुखत नव्हतं का हो?"

सुनेला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हेच सर्जन तिच्याकडे पेशंट पाठवायचे.

"मीच अंगावर काढलं," सासूबाई पटकन म्हणाल्या. "ही बिचारी सारखी सांगत होती, दाखवून या."

"घरात जाणकार असून ही तऱ्हा!" सर्जन म्हणाले. सुनेने मान हलवली. हो म्हणून हलवली. त्या मानेची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तोच पाय हातात घेऊन हळूच वाकवला. सासूबाईंचा चेहरा हसरा होता, पण चादर मुठीत आवळलेली.

"दुखतंय का, आई?"

सासूबाईंनी आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग दबक्या आवाजात विचारलं, "दुखायला हवं का गं?"

सुनेचे हात तिथेच थांबले. तेवढ्यात सर्जन राउंडला आले. "काय म्हणतोय गुडघा?" त्यांनी तिलाच विचारलं.

"त्यांना विचारा, सर." तिने पाय हळूच खाली ठेवला. "त्यांनी तेव्हाही सांगितलं होतं. मीच नाटकं म्हणाले. दाखवून या असं मी एकदाही म्हटलं नव्हतं."

सासूबाईंनी मूठ सोडली.

"दुखतंय हो," त्या म्हणाल्या. "फार दुखतंय."