चुकलं की चेंडू खाली

बायको गेल्यापासून प्लंबरने पुढची खोली उघडली नव्हती. त्या खोलीत ती आसपासच्या बायकांना इंग्रजी बोलायला शिकवायची. आज संध्याकाळी शिंपीण आणि तिची धाकटी जाऊ दारात येऊन उभ्या राहिल्या. शिंपिणीचा आवाज असा, की सगळी गल्ली तिला तोफ म्हणायची.

"भाऊजी, उद्या दवाखान्यात आम्हा दोघींची मुलाखत आहे. सगळं इंग्रजीतून विचारणार," तोफ म्हणाली. "बाईंचा चेंडूचा खेळ एकदा घ्या ना!"

"मी नळ दुरुस्त करणारा माणूस. मला कुठलं इंग्रजी येतंय?"

"उगाच काहीतरी! इतकी वर्षं भिंतीपलीकडे चहा करत होता, तो काय कानात बोळे घालून?"

ते मात्र खरं होतं. खेळ साधाच. बाई 'इंटरेस्टेड' म्हणून चेंडू टाकायची, झेलणारीने 'इन' म्हणत तो परत टाकायचा. 'वरीड'ला 'अबाउट', 'टायर्ड'ला 'ऑफ'. शब्दामागचं हे शेपूट चुकलं की बाई चेंडू झेलायचीच नाही. टप्प टप्प आवाज आला की स्वयंपाकघरात त्याला कळायचं, कुणीतरी आपटलं. मग ती बरोबर उत्तर मोठ्याने सांगायची. ऐकून ऐकून त्याला सगळं पाठ झालं होतं. लिहायला सांगितलं असतं तर मात्र पंचाईत होती.

तो बराच वेळ किल्ली हातात घेऊन उभा राहिला. मग त्याने कुलूप काढलं. लाल रबरी चेंडू तिच्या खुर्चीवर तसाच होता. त्याने तो उचलला, खाकरून घसा मोकळा केला आणि एकदम ओरडला, "प्राउड!"

"ऑफ!" धाकटीने झेलून परत टाकला.

"एक्सायटेड!"

"अबाउट!"

"मॅरीड!"

"विथ!" तोफेने चेंडू दणकून फेकला. प्लंबरने हात मागे घेतले. टप्प, टप्प, टप्प.

"का हो? नवऱ्याबरोबरच संसार करते ना मी? मग विथच की!"

"संसार बरोबरच कर," तो म्हणाला, "पण इंग्रजीत मॅरीड टू. ती तुला शंभरदा सांगायची. मला पलीकडे ऐकून कंटाळा यायचा."

धाकटी फिस्सकन हसली. मग तोफ हसली आणि तिच्याबरोबर तोही. दिवे लागले तरी खेळ थांबेना. घामाघूम झाले तिघं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीच्या तोंडापासूनच तोफ ऐकू आली. "भाऊजीऽऽ! दोघींचीही निवड झाली!"

"अहो, प्रत्येक प्रश्नाला हिचे हात झेलायला वर जात होते," धाकटीला हसण्यातून बोलता येईना. "समोरचे साहेब घाबरून मागे सरकले!"

"पण उत्तर एकही चुकलं नाही! आणि हे बघा, आता इस्त्रीवाली नि तिची सून पण शिकायचं म्हणतायत. आज संध्याकाळीच येणार आहेत."

"अगं, शिकवणार कोण?"

"आम्ही शिकवू. तुम्ही आपले पलीकडे चहा टाका. चुकलं की भिंत ठोका."

संध्याकाळी त्याने गॅसवर आधण ठेवलं आणि कान भिंतीला लावला.

"इंटरेस्टेड!" तोफ गरजली.

"विथ!" इस्त्रीवाली म्हणाली.

प्लंबरने पाना उचलला आणि भिंतीवर असा काही हाणला, की फळीवरच्या कपबश्या नाचल्या.