सुभेदारांची वटवाघळं

"आवं, बंद करा त्ये! बंद करा आदी!"

मी परसातून ओरडत धावले, पण ब्लोअरच्या घरघराटात ऐकतंय कोण! आमचे सुभेदार द्राक्षबागेवर औषध मारायचा ब्लोअर धुऊन, पाण्याने भरून चिंचेखाली घेऊन आले होते आणि वर फवारे सोडत होते. वैशाखाच्या उन्हाने वटवाघळं तडफडत होती, सकाळपासून दोन खाली पडली होती. विचार चांगलाच. पण वरात आली तरी या चिंचेपाशी बँड वाजायचा थांबतो, वटवाघळं बिथरू नयेत म्हणून, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. फौजेत उभी हयात काढलेल्या माणसाला तेवढंच आठवलं नाही!

अख्खी चिंच एकदम उठली. भर दुपारी काळे पंख आभाळभर सैरावैरा झाले, आणि लांब गेले.

सुभेदारांनी ब्लोअर बंद केला आणि मातीतच बसले. "मनू, गेली गं. आता न्हाई यायची."

खरं सांगते, मला ती मेली कधीच आवडली नाहीत. वाळवण घालावं तर त्यावर घाण. 'पीडा टळली' असं अगदी ओठावर आलं होतं.

"रजेवर यायचो तवा कवठ्याच्या यष्टीतनं उतरलो की आदी हीच दिसायची," ते म्हणाले.

"आन् मी?"

"तू दारात. ही आभाळात. लांबनं कळायचं, घर आलं."

विहिरीला तासाभराचंच पाणी, तेही बागेच्या वाट्याचं. तरी मीच बागेचा कॉक बंद केला. पाइपाला तुषारचं तोंड लावलं, ते लांब बांबूला बांधलं आणि दोघांनी मिळून बांबू चिंचेत उभा केला. मोटार पार विहिरीवर, तिचा आवाज इथवर येत नाही. पानांवर नुसती भुरभुर सुरू झाली.

"बागंचं काय?"

"एक दिस उपाशी ऱ्हायली म्हून मरत न्हाई बाग."

उन्हं कलताना थोडी परतली, ओल्या पंखांवरचं पाणी चाटत बसली. बाकीची कुठे गेली कोण जाणे. अंधार पडल्यावर आली होती तीही पोट भरायला उडाली. सुभेदार दोन घास खाऊन उठले आणि बाज चिंचेसमोर टाकली.

पहाटे मी दार उघडलं. ते बाजेवर उठून बसलेले, ओठांवर बोट. वर फांदी न् फांदी भरली होती. जागेवरून भांडत, पंख आवरत अजून येतच होती.

मला हसू आलं आणि डोळेही भरले. हातातला खराटा मी आवाज न करता भिंतीला टेकवला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच आमचं अंगण पारुसं राहिलं.